पेटीतले अकरा ‘नाही’

सेल्मा ओर्टलेपनं त्या रविवारी कुठे फुली मारली, ते गावात मला एकटीला माहीत आहे. आता सेल्मा नाही आणि तिचा नवरा अल्विनही नाही, म्हणून सांगते. मी स्वतः त्या दिवशी मत द्यायला गेले होते की घरी बसले होते, ते मात्र विचारू नका. तेव्हा ड्यूकच्या दिवाणाला सांगितलं नाही, कामगार पक्षाच्या पोरांना सांगितलं नाही, मग तुम्हाला काय म्हणून सांगू?

जर्मनीतल्या आमच्या आइखेनरोड गावात बाजारचौकात जाहिरातींचा एक गोल, जाडजूड खांब आहे. त्याला खेटूनच माझी तंबाखूची आणि वर्तमानपत्रांची टपरी. खांब माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे अल्विनही रोज माझ्या डोळ्यांसमोर, कारण नगरपालिकेचा पोस्टर चिकटवणारा तोच. राय नावाच्या धान्याच्या पिठाची खळ शिजवायची, बादली हातगाडीवर ठेवायची, लांब दांड्याचा ब्रश घ्यायचा आणि गावभर फिरायचं. त्याच्या कपड्यांवर खळ वाळून इतकी कडक झालेली असायची की विजार काढून ठेवली तर आपली आपण उभी राहील, असं सेल्मा म्हणायची. ड्यूकच्या राज्यात त्यानं दरबारी नाटकांचे कागद चिकटवले, महायुद्धात सरकारी कर्जरोख्यांचे, युद्ध हरून ड्यूक गादी सोडून पळाल्यावर जो पक्ष पैसे देईल त्याचे. कुणी मुद्दाम खोड काढायला विचारायचं, अल्विन, तुझं स्वतःचं मत काय? तो म्हणायचा, मी चिकटवतो, वाचत नाही. भित्रा होता हो. वाड्यावरचं कुत्रं समोरून आलं तरी ह्याचा हात टोपीकडे जायचा.

सेल्मा तशी नव्हती. ती ड्यूकच्या वाड्यात इस्त्रीवाली होती, तीस वर्षं. चादरी, टेबलाची कापडं, डचेसबाईंचे झालरीचे झगे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. इस्त्रीच्या त्या खोलीत खुर्ची ठेवायची नाही असा वाड्याचा नियमच होता. बायका बसल्या की बोलतात, बोलल्या की कापड जळतं, असं कुणा मोठ्या बाईंचं म्हणणं. तीस वर्षं उभं राहून सेल्माच्या कमरेचे सांधे पार गेले. दोन काठ्या घेऊन ती दारापर्यंत यायची, त्यापुढे नाही.

त्याबद्दल वाड्यानं त्यांना जुन्या पागेच्या ओळीत तळमजल्याची एक खोली दिली होती. भाडं नाही, करारही नाही, मर्जी असेतोवर राहा. दाराला पायरी नव्हती आणि दाराबाहेर एक बाक होता. सेल्मा सकाळी त्या बाकावर बसली की संध्याकाळपर्यंत तिथेच. दूधवाला, टपालवाला, शाळेची पोरं, वाड्यावर जाणाऱ्या गाड्या, सगळ्यांना तिच्यापुढून जावं लागे आणि जो तो दोन शब्द बोलून जाई. मी टपरी बंद केली की तिच्या शेजारी टेकायची. ती खोली आणि तो बाक गेला असता तर सेल्माचं जगच गेलं असतं. हे अल्विनला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ड्यूकच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या दिवाणाला, त्या हेर ब्रेमरलाही (हेर म्हणजे आमच्याकडे ‘साहेब’), चांगलं माहीत होतं.

आता त्या मतदानाचं सांगते. एकोणीसशे सव्वीस सालचा जून. गादीवरून उतरलेल्या सगळ्या राजेरजवाड्यांची मालमत्ता मोबदला न देता काढून घ्यायची का, असा सवाल जर्मनीभर मताला टाकला होता. लोक चिडलेले होतेच. महागाईच्या त्या भयंकर वर्षात आमच्या बँकेतल्या पैशांची रद्दी झाली, विधवांची पेन्शनं बुडाली, आणि ही मंडळी रानं, शेतं, वाडे सगळं परत मागत होती. पण दुसरी बाजू हुशार. ठराव पास व्हायला नुसती आलेल्यांतली निम्मी मतं पुरणार नव्हती, देशातल्या एकूण मतदारांपैकी निम्म्यांनी ‘होय’ म्हणायला हवं होतं. मग ‘नाही’ म्हणायला जायचंच कशाला? घरी बसलं की झालं काम. त्यामुळे गुप्त मतदानाची सगळी गंमतच संपली. जो घराबाहेर पडला तो ‘होय’वाला. तुम्ही चिठ्ठीवर काय केलंत हे बघायची कुणाला गरजच उरली नाही, रस्त्यावर कोण दिसतं तेवढं बघितलं की पुरे.

तेव्हापासून गाव एकमेकांकडे तिरप्या डोळ्यांनी बघायला लागलं. न्हावी दाढी करताना विचारायचा, रविवारी काय बेत? आणि उत्तर येईपर्यंत वस्तरा गळ्याशी धरून ठेवायचा. माझ्याकडे लाल पक्षाचा, म्हणजे त्या कामगार पक्षाचा, पेपर घेणारे लोक तो आता चर्चच्या साप्ताहिकात गुंडाळून मागायचे. मी द्यायची गुंडाळून. आणि कोण कशात काय गुंडाळतंय हे लक्षातही ठेवायची, खोटं कशाला बोलू.

खांबावर दोन्ही बाजूंचे कागद. एका बाजूला ‘राजांना एक पैही नाही’, दुसऱ्या बाजूला बायबलातली सातवी आज्ञा, ‘चोरी करू नकोस’. अल्विन दोन्हींना सारखीच खळ लावायचा. तरी लाल पक्षाची पोस्टरं सकाळी बघावं तर खालून फाटलेली. झालं, संशयाला ऊत आला. लाल पोरं म्हणाली, अल्विन वाड्याच्या खोलीत राहतो, तोच फाडत असणार. वाड्याची माणसं म्हणाली, त्यांनीच आपले कागद फाडून बोंब ठोकलीय. कुणी म्हणे, अल्विननं ह्यांच्या कागदांना हलक्या पिठाची खळ लावली, कुणी म्हणे, त्यांचे जास्त उंचावर लावले, ह्यांचे मुद्दाम वाकडे लावले, काय वाटेल ते. एकदा पहाटे मी पेपरचे गठ्ठे सोडत होते, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पाद्रीबुवांची बकरी दोन पाय खांबावर टेकवून पिठाची खळ चाटत होती आणि कागदासकट खात होती. खालच्या अंगाला नेमकी लाल पोस्टरं होती, एवढंच. मी हे सगळ्यांना सांगितलं. तर गाव म्हणतं, पाद्रीबुवांची बकरी ना, मग शिकवलेली असणार. आता अशा गावाला काय सांगायचं.

त्या आठवड्यात हेर ब्रेमरनं अल्विनला कचेरीत बोलावलं. धमकी वगैरे काही नाही, माणूस गोड बोलायचा. सेल्माची कंबर कशी आहे, पावसात पागेच्या भिंतींना ओल येते का, असं सगळं विचारलं. मग म्हणाला, रविवारी तुम्ही दोघं घरीच आराम करणार असाल, नाही का. अल्विन घामाघूम होऊन परतला. ते मला सांगता सांगता त्यानं तंबाखू निम्मी खाली सांडली. त्याच दिवशी छापखान्यातून वाड्याच्या बाजूचा नवा गठ्ठा आला. अल्विननं तो भिजू नये म्हणून घरी नेला आणि दाराशी ठेवला. वरच्याच कागदावर हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘घरी बसा’.

सेल्मा बाकावर होती. तिनं ते वाचलं. मी शेजारीच होते. मग ती अल्विनला म्हणाली, “रविवारी मला तुझ्या गाडीवर बसवून शाळेत न्यायचं. मला मत द्यायचंय.”

अल्विनच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तिला समजावलं, मग विनवलं, मग मलाच मध्ये घातलं. मीही खरं सांगायचं तर त्याचीच बाजू घेतली. म्हटलं, अगं सेल्मा, तुझ्या एका मतानं बर्लिनमध्ये काय व्हायचंय, पण इथला बाक जाईल. तिनं ऐकून घेतलं आणि रविवारी घालायची टोपी ब्रशनं साफ करायला लागली. शेवटी अल्विन म्हणाला, निदान वरून ताडपत्री टाकतो, लोकांना वाटेल कागद आहेत. ती म्हणाली, “मी काय बटाटे आहे का?”

रविवारी पहाटेपासून पाऊस. त्या जूनमध्ये नद्यांना पूर आले होते, तसला पाऊस. मतदान शाळेत, आणि शाळेसमोरच ‘सोनेरी हरीण’ हॉटेल. तिथे खिडकीत हेर ब्रेमर आठ वाजल्यापासून कॉफी आणि रुबार्बचा केक घेऊन बसलेला. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. त्याला कशाला हवी, गावातलं प्रत्येक तोंड तो ओळखत होता.

आता गंमत ऐका. आमचं कब्रस्तान शाळेच्या मागे, आणि वाट शाळेच्या अंगणातूनच. रविवारी आपल्या माणसाच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालायला जायचं, ही इथली जुनी रीत. त्या रविवारी सगळ्या गावाला एकदमच आपापले मेलेले आठवले. हातात झारी घेऊन एकेक जण निघालाय. वरून धो धो पाऊस, टोपीच्या काठावरून पाणी गळतंय, आणि हा चाललाय थडग्याला पाणी घालायला! चांभार गेला, दोन शिक्षक गेले, खुद्द हॉटेलवाल्याचा मेहुणा गेला. कित्येकांच्या झाऱ्या तर परत येताना आपोआप भरलेल्या होत्या. हेर ब्रेमर खिडकीतून प्रत्येकाला मान लववून नमस्कार करत होता.

आणि मग सेल्मा आली. अल्विननं गाडी घासून धुतली होती, तरी कडेला खळीचे ओघळ होतेच. तिच्या खाली उशी, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री, आणि पाठ अशी ताठ की आपल्याच कंबरेला शरम यावी. झारी नाही, ताडपत्री नाही. गाडी चौकातून, माझ्या टपरीपुढून, हॉटेलच्या खिडकीखालून शाळेत गेली. अल्विन मान खाली घालून ढकलत होता, कानाच्या पाळ्या लाललाल झालेल्या. शाळेच्या दारात तिला दोघांनी उचलून आत नेलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि आली तशीच ताठ परत गेली. अल्विन आत गेला नाही. तो भर पावसात गाडी धरून उभा होता, म्हणजे आपण मत दिलं नाही हे सगळ्यांना दिसावं.

देशभरात ठराव पडला. निम्मे मतदार कुठून जमणार? आमच्या गावचा निकाल शाळेच्या दारावर लागला आणि तो चिकटवायलाही अल्विनच. ‘होय’ची बरीच मतं होती. ‘नाही’ फक्त अकरा.

ते अकरा वाचून गावाच्या जिवात जीव आला, कारण मी त्या अकरा जणांतलाच असं म्हणायला प्रत्येकाला जागा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्याच्या कचेरीबाहेर रांग. चांभार, शिक्षक, लाकूडतोडे, वाड्याच्या जमिनीवर घर असलेले, वाड्याचं काम मिळणारे, सगळे टोपी हातात घेऊन उभे. प्रत्येकाचं म्हणणं एकच. साहेब, मी गेलो होतो खरा, पण ‘नाही’वर फुली मारायला गेलो होतो, ड्यूकसाहेबांच्या प्रेमापोटी राहवलं नाही. हेर ब्रेमर नंतर हॉटेलात हसत सांगत होता म्हणे, की पेटीत ‘नाही’ अकरा आणि माझ्या कचेरीत त्रेचाळीस. तरी त्यानं त्यातल्या बहुतेकांना सोडून दिलं. खरं कोण बोलतंय ते त्याला नकोच होतं. येऊन खाली मान घातली, एवढं त्याला पुरे होतं.

ओर्टलेपकडून कुणी गेलं नाही. अल्विन दोन दिवस सेल्माच्या मागे लागला होता. तू काय केलंस ते मला विचारायचं नाही, पण त्यांना ‘नाही’ केलं म्हणून सांगू या, मी जातो, तू बोलूही नकोस. ती म्हणाली, माझ्या मताबद्दल तू जाऊन काही सांगायचं नाहीस. तिसऱ्या दिवशी हेर ब्रेमर स्वतः आला. मी बाकावरच होते, उठले नाही. मला ऐकायचंच होतं.

तो छत्री मिटून अदबीनं उभा राहिला. म्हणाला, “फ्राउ ओर्टलेप, तुम्ही वाड्याची इतकी सेवा केलीत. नुसतं एवढं सांगा, की तुम्ही ‘नाही’वर फुली मारलीत. मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवीन आणि ही खोली तुम्हाला जन्मभर.”

सेल्मा त्याच्याकडे बघत होती. मी तिच्या अगदी शेजारी होते आणि मला दिसलं, तिनं बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तेव्हा मला कळलं नाही.

तेवढ्यात दारातून अल्विन बाहेर आला. खळीनं कडक झालेला कोट, हातात ब्रश. वाड्याच्या कुत्र्याला टोपी काढणारा हा माणूस, पण टोपी डोक्यावर तशीच. म्हणाला, “तिला विचारू नका. माझी बायको ‘होय’ म्हणालीय. सगळ्या गावादेखत गाडीवर बसून गेली आणि ‘होय’ म्हणाली. चांगलंच केलं तिनं. मलाही जायला हवं होतं.”

त्याचा आवाज कापत होता, पण थांबला नाही तो. जन्मात पहिल्यांदा त्यानं कागद चिकटवायच्या ऐवजी तो वाचून दाखवला होता. सेल्मानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग तिनं तोंड मिटलं आणि हेर ब्रेमरला शांतपणे म्हणाली, “ऐकलंत ना.”

सप्टेंबर संपताना सेंट मायकेलच्या दिवशी घरं बदलायची इथली प्रथा. त्या दिवशी त्यांनी पागेतली खोली सोडली. परवडणारी एकच जागा मिळाली, चर्मकार गल्लीत तिसऱ्या मजल्यावर, छपराखाली. जिना असा अरुंद की सेल्माला चौघांनी खुर्चीवर बसवून वर चढवलं. ती नंतर कधी खाली आली नाही. खिडकीतून आभाळ दिसायचं आणि समोरच्या घराची कौलं. मी रविवारी पेपर घेऊन वर जायची, सगळ्या गावाची खबर द्यायची, पण बाकावर बसून आपण जे बघतो ते दुसऱ्यानं सांगून काय होतं? माझा जीव तुटायचा. एकदा मी चिडून म्हटलंच, त्या ड्यूकचं सोनं त्याच्यापाशीच राहिलं, आणि त्या एका फुलीपायी तू इथे कबुतरासारखी अडकून पडलीस. ‘होय’ म्हणून मिळालं काय तुला?

तेव्हा ती म्हणाली, “मी ‘नाही’वर फुली मारली होती, मिना.”

मला आधी वाटलं, वयानं भ्रम झालाय. पण तिचं डोकं ठिकाणावर होतं. म्हणाली, डचेसबाईंच्या कपाटातल्या चादरी तीस वर्षं मी घड्या घालून ठेवल्या. कोण कसं का असेना, दुसऱ्याच्या कपाटातलं ओढून काढा असं मला म्हणवत नाही, माझ्या हाताला ते येतच नाही. मग मी विचारलं, अगं मग घरी बसायचं होतंस, तेही ‘नाही’च होतं की.

“तेच तर,” ती म्हणाली. “तीस वर्षं त्यांनी मला बसू दिलं नाही. एक खुर्ची ठेवली नाही त्या खोलीत. कंबर गेली, आता बसण्याखेरीज काही येत नाही, तर कागद छापून मला सांगतात, घरी बसा. मी ‘नाही’ म्हणेन, पण जाऊन म्हणेन.”

मग त्या दिवशी दिवाणाला सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं. सांगणारच होते, असं ती म्हणाली. तोंड उघडलंही होतं. खरंच होतं ते, लाज कसली? पण अल्विन मध्येच बोलला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्या माणसाच्या तोंडून एक ठाम वाक्य ऐकलं नव्हतं. ते पहिलंच निघालं, आणि मी कसं म्हणू की ते खोटं आहे? एवढं बोलून तिनं माझं मनगट धरलं. इस्त्रीवालीची पकड, अजून तशीच. म्हणाली, त्याला कळलं तर बघ.

खाली गल्लीत अल्विन हातगाडी लावत होता. शीळ घालत होता. पागेतून निघाल्यापासून तो बदललाच होता. चांभारानं त्याला काही सुनावलं तर तो उलटून म्हणायचा, तू झारी घेऊन गेलास, माझी बायको छत्री घेऊन गेली. लाल पोरं त्याला बिअर पाजायची आणि तो ती ताठ मानेनं प्यायचा. पुढच्या निवडणुकीला तो स्वतः मत द्यायला गेला, चौकातून, हात मागे बांधून, हळूहळू चालत.

सेल्मा एका थंडीत गेली. आमच्याकडे मृत्यूची बातमी काळ्या चौकटीत छापून खांबावर लावतात. तिची अल्विननंच लावली. शिडी घेऊन आला आणि सगळ्यात वर लावली, जिथे कुठलीही बकरी पोचायची नाही. कोरड्या ब्रशनं कितीदा तरी त्यावरून हात फिरवत होता. मग उतरून टपरीशी आला, नेहमीची तंबाखू मागितली. डोळे लाल झालेले.

“मिना,” तो म्हणाला, “सगळं गाव झाऱ्या घेऊन लपत होतं, आणि ती एकटी उघड गेली. ‘होय’ म्हणाली ती. म्हणाली की नाही?”

आयुष्यभर मी कुणाचं ऐकून मान डोलवलेली नाही. गिऱ्हाईकाला सरळ सांगते, तुझं खोटं आहे म्हणून. मी तंबाखूची पुडी त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं, हो रे अल्विन, म्हणाली.